प्रतिनिधी नसलेले बटण

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूर शहरातील एका मतदान केंद्रावर मी पीठासीन अधिकारी होतो. महाराष्ट्रात याच कामाला केंद्राध्यक्ष म्हणतात. शासकीय शाळेत सामाजिक शास्त्र शिकवणाऱ्यांच्या वाट्याला हे काम ठरलेलेच असते. आदेश येतो, प्रशिक्षण होते, नेहरू स्टेडियमवरून सामान घ्यायचे, केंद्रावर मुक्काम करायचा, दिवसभर मतदान करवून घ्यायचे आणि रात्री सामान परत जमा करायचे, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यामागे राज्यघटनेने उभी केलेली एक मोठी संस्था आहे, हेच विसरायला होते. या खेपेस मात्र ते विसरण्याची सोय नव्हती, कारण आदेश हातात पडल्यानंतर आणि मतदानाच्या आधी इंदुरातून मुख्य विरोधी पक्षाचा उमेदवारच नाहीसा झाला.

घटनाक्रम बहुतेकांना माहीत आहे. २२ एप्रिलला सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाल्यावर आणि उरलेल्यांनी माघार घेतल्यावर भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. त्यानंतर आठवडाभरातच, २९ एप्रिलला, म्हणजे अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, इंदूरचे काँग्रेस उमेदवार अक्षय कांती बम यांनी उमेदवारी मागे घेतली आणि ते भाजपमध्ये गेले. इंदूर मात्र सुरतेसारखे बिनविरोध झाले नाही. भाजपचे शंकर लालवानी धरून चौदा उमेदवार रिंगणात राहिले, म्हणजे मतदान होणार, यंत्रे लागणार आणि आमची ड्यूटीही कायम राहणार. काँग्रेसने मतदारांना ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाचे, बटण दाबण्याचे आवाहन केले आणि शहरातल्या ऑटोरिक्षांच्या पाठीवर त्याची पत्रके चिकटलेली दिसू लागली.

येथे थोडे मागे जायला हवे. इंदुरात निवडणुकीला रंग नसतो असे कोणी म्हणू नये. १९६२ मध्ये गिरणी कामगारांचे नेते होमी दाजी येथून अपक्ष म्हणून निवडून आले होते, आणि गिरण्यांच्या फाटकावरच्या सभांची वर्णने आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकली आहेत. १९८९ मध्ये सुमित्रा महाजन यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवले आणि पुढे सलग आठ वेळा त्या येथून लोकसभेवर गेल्या; मराठी घरांत त्यांचा उल्लेख ‘ताई’ असाच होतो, मग घरातले मत कोणालाही जात असो. तेव्हापासून ही जागा भाजपकडेच आहे. याचा अर्थ असा की निकाल साधारण काय लागणार याचा अंदाज गेली कित्येक वर्षे लोकांना असतोच. तरीही लढत असते, हरणारा उमेदवार दारोदार फिरतो, जिंकणाऱ्यालाही फिरावे लागते, आणि त्या फिरण्यातून रस्ता, पाणी, नर्मदेची पाइपलाइन असले विषय निदान काही आठवडे जाहीर बोलले जातात. २०२४ मध्ये तेच बंद पडले. आमच्या भागात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जी चर्चा चालू होती ती उमेदवारांच्या कामाची मुळीच नव्हती. ती एका बटणाची होती.

त्याच दिवसांत मी शाळेत स्वीपचे, म्हणजे निवडणूक आयोगाच्या मतदार जागृती कार्यक्रमाचे, काम करत होतो. रांगोळी, फेरी, शपथ आणि संकल्प पत्र हे त्यातले नेहमीचे प्रकार. संकल्प पत्रात मुलांनी आईवडिलांकडून ‘आम्ही अवश्य मतदान करू’ असे लिहून सही आणायची असते. गठ्ठा तपासताना एका पत्रावर सहीच्या खाली पालकाने पेनने लिहिलेले आढळले : ‘वोट तो देंगे, पर किसे?’ मी ते पत्र बाजूला काढले नाही, गठ्ठ्यातच ठेवून पाठवून दिले. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आयोगाची सगळी जाहिरात ‘मत द्या’ एवढेच सांगते, आणि ते योग्यच आहे, कारण त्याने ‘कोणाला’ हे सांगितले तर त्याची निःपक्षता संपली. ‘कोणाला’ हे सांगायचे काम पक्षांचे. या दोन आवाजांची वाटणी इतकी पक्की आहे की त्यातला एक आवाज गप्प झाला तर दुसराही पोकळ वाटू लागतो, हे त्या पालकाने सहज दाखवून दिले होते.

प्रशासनाने आपल्याकडून कसर ठेवली नाही. छप्पन दुकान या खाण्यापिण्याच्या प्रसिद्ध बाजारातल्या व्यापाऱ्यांनी सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट देण्याचे जाहीर केले. कचरा गाडीवरच्या गाण्यांनी ज्या शहराला ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला शिकवले, आणि जे शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिले येत गेले, त्या शहरातल्या अधिकाऱ्यांचा सांगण्यावर, पुनःपुन्हा सांगण्यावर, भरवसा असणे साहजिक आहे. माझाही होता, काही प्रमाणात आजही आहे. पण कचरा रोज होतो आणि गाडी रोज दारात येते; मत देण्याचे कारण दारात आणून देणारी गाडी नगर निगमकडे नसते.

प्रशिक्षणात बाकीच्या गोष्टी नेहमीच्याच होत्या : अधिकाऱ्याकडचे कंट्रोल युनिट, मतदाराने बटण दाबायचे बॅलट युनिट आणि मताची छापील चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट कोणत्या क्रमाने जोडायचे, कोणत्या पाकिटात काय घालायचे, दर दोन तासांनी आकडा कसा कळवायचा. चहाच्या वेळी मात्र सगळे शिक्षक नोटावरच बोलत होते. नोटाला सर्वाधिक मते पडली तर काय, हा प्रश्न तेथे कोणीतरी विचारला आणि त्याचे उत्तर सोपे होते : काहीही नाही, उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मते तोच विजयी. नोटाला जास्त मते पडल्यास पुन्हा निवडणूक घ्यावी, अशा मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिललाच आयोगाला नोटीस काढलेली होती, म्हणजे इंदूरच्या माघारीच्या तीनच दिवस आधी. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता असा नियम २०१८ मध्ये केला आहे, हे मी सांगितले तेव्हा काहींना नवल वाटले. लोकसभेला तो लागू नाही.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला नोटाच्या आधीचा काळ चांगला आठवत होता. तेव्हा कोणालाच मत द्यायचे नसेल तर मतदाराने नियम ४९-ओ प्रमाणे केंद्रावरच्या अधिकाऱ्याला तसे सांगायचे, नोंदवहीत त्याच्या नावापुढे तसा शेरा पडायचा आणि त्याखाली त्याची सही किंवा अंगठा घेतला जायचा. खोलीत बसलेल्या प्रत्येक पक्षाच्या माणसाला कळायचे की या माणसाने आपल्याला नाकारले. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नाकारणाऱ्यालाही गुप्ततेचा तेवढाच हक्क आहे, आणि त्याच वर्षाअखेर मध्य प्रदेशासह पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत नोटाचे बटण पहिल्यांदा आले. मतपत्रिकेवर काळी फुली मारलेले त्याचे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केले, तेही २०१५ मध्ये. म्हणजे ज्या नकाराला पूर्वी धैर्य लागत होते त्याला आता फक्त बोट लागते, आणि त्यामुळे नकार देणारी माणसे वाढली असतील तर माणसे बदलली असे मी म्हणणार नाही. त्यांना मत मांडायला जागा मिळाली असे म्हणेन.

१२ मे रोजी सामान घेऊन आम्ही केंद्रावर पोहोचलो. केंद्र एका शाळेतच होते. भिंतीवर गांधीजींची आणि अहिल्यादेवींची चित्रे होती, ती तशीच राहू दिली. फळ्याशेजारच्या एका छापील तक्त्यावर मात्र एका नेत्याचा फोटो होता, तो कागद लावून झाकला. मतदान कक्षाचा पुठ्ठा खिडकीपासून दूर असा लावला की बाहेरून कोणाला बोट दिसू नये. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण मतदाराच्या मनावर केंद्राचा जो परिणाम होतो तो अशाच गोष्टींनी होतो. दारातून आत आल्यावर त्याला जाणवते की येथे कोणाचे काही चालत नाही.

१३ मेच्या पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान, सुरू करायचा होता. नियम असा की निदान दोन उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी, म्हणजे पोलिंग एजंट, हजर असावेत; नसल्यास पंधरा मिनिटे थांबावे आणि मग त्यांच्याविना सुरू करून तसे प्रमाणपत्र लिहावे. एरवी या वेळी बाकावर जागेवरून कुरबुर असते. त्या दिवशी भाजपचा एकच तरुण प्रतिनिधी, अंघोळ करून, टिळा लावून, हातात मतदार यादीची झेरॉक्स घेऊन वेळेवर आला होता आणि शेजारचा सगळा बाक रिकामा होता. उमेदवारच नाही तर काँग्रेसचा प्रतिनिधी कोठून येणार? बाहेर त्या पक्षाचे चिठ्ठ्या देणारे टेबलही नव्हते. पंधरा मिनिटे थांबून आम्ही सुरुवात केली.

मॉक पोलमध्ये किमान पन्नास मते टाकायची असतात आणि प्रत्येक उमेदवाराला तसेच नोटालाही काही मते जायला हवीत. प्रतिनिधी आपापल्या उमेदवाराची बटणे दाबतात, हिशोब कागदावर ठेवतात आणि शेवटी यंत्राचा आकडा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आणि कागदावरचा हिशोब जुळवून पाहतात. तेरा उमेदवारांची बटणे आम्हीच वाटून घेतली आणि पंधराव्या क्रमांकावर आल्यावर नोटा माझ्या वाट्याला आला. मी बटण दाबले, लाल दिवा लागला, काचेमागे सात सेकंद फुलीची चिठ्ठी दिसली आणि खाली पडली. आकडे जुळले. क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणे क्रमाने दाबून यंत्र रिकामे केले, चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात आणि पाकीट प्लास्टिकच्या डब्यात घालून गुलाबी सील लावले. कंट्रोल युनिटच्या हिरव्या कागदी सीलवर माझ्याखेरीज एकाच प्रतिनिधीची सही झाली. थोड्या वेळाने एका अपक्षाचा प्रतिनिधी डोळे चोळत आला, त्याची सही पुढच्या कागदांवर आहे.

हे सील म्हणजे अविश्वासावर उभी केलेली व्यवस्था आहे आणि तेच तिचे बळ आहे. विरोधी माणूस सही करतो म्हणून हरलेल्यालाही निकाल मान्य होतो. नोटाला मात्र प्रतिनिधी नेमता येत नाही. ज्या बटणावर त्या दिवशी शहराचे सर्वाधिक लक्ष होते त्याच्या वतीने सीलवर सही करणारे, मतदारांची ओळख पडताळून आक्षेप घेणारे, संध्याकाळी हिशोबाची प्रत मागून घेणारे कोणीही खोलीत नव्हते. त्याची राखण करण्याची जबाबदारी सर्वस्वी आमच्यावर, म्हणजे यंत्रणेवर होती. आम्ही ती केली, आणि ठीक केली असे मला वाटते. परंतु उमेदवाराच्या मागे पक्ष असतो तसे नकाराच्या मागे कोणी नसते, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

सात वाजता मतदान सुरू झाले. पहिल्या दोन तासांत चांगली रांग होती आणि काही जण शाई लावून घेताच छप्पन दुकानकडे निघाल्याचे मोठ्याने सांगत होते. साधारण नऊच्या सुमारास एक गृहस्थ आत आले, पहिल्या अधिकाऱ्याने नाव पुकारले, दुसऱ्याने १७-ए या नोंदवहीत सही घेतली, बोटाला शाई लागली, आणि मतदान कक्षाकडे जाता जाता त्यांनी खणखणीत आवाजात विचारले, “भैया, नोटा दबाना है, कौनसा बटन है?”

पूर्वीच्या निवडणुकांत असा प्रश्न आला की मी नुसते ‘सबसे आखिरी’ म्हणत असे आणि त्यावर कोणी मानही वर करत नसे. त्या दिवशी बाकावरचा तरुण ताडकन उठला. “सर, ये तो प्रचार हो गया!” त्याचे सगळेच चुकीचे नव्हते. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला कायद्याने बंदी आहे, आणि आपले मत असे जाहीर करणे गुप्ततेलाही धरून नाही. पण त्या गृहस्थांना प्रश्न विचारण्याचा अधिकार होता आणि यंत्र समजावून सांगणे हे माझे कामच होते. ‘शेवटचे बटण नोटाचे’ हे माहितीचे साधे वाक्य रिक्षांवरच्या पत्रकांमुळे आता एका पक्षाचे वाक्य झाले होते. मी एक शब्दही वेगळा न बोलता ते पक्षपाती ठरणार होते. संस्थेचे शब्द तेच राहतात आणि बाहेरच्या बोलण्याने त्यांचा अर्थ बदलतो, हे इतके समोरासमोर मी कधी अनुभवले नव्हते.

मदत मागणाऱ्या मतदारासाठी पुठ्ठ्याची एक प्रतिकृती दिलेली असते आणि ती मतदान कक्षाच्या बाहेरच दाखवायची असते. आमच्या प्रतिकृतीवर नावे काल्पनिक होती, चिन्हेही कोणत्याच उमेदवाराची नव्हती. खरी होती ती फक्त शेवटची फुली. मी त्या गृहस्थांना प्रथम हलक्या आवाजात बोलायची विनंती केली. मग प्रतिकृती हातात घेऊन वरपासून खालपर्यंत सांगितले : प्रत्येक ओळीला एक निळे बटण, उमेदवारांची नावे वरून क्रमाने, सर्वांत खाली नोटा, दाबल्यावर लाल दिवा, मग काचेत चिठ्ठी, मग लांब आवाज. हेच शब्द, याच क्रमाने, दिवसभर जो विचारील त्याला सांगायचे असे मी पथकाला बजावले, मग त्याने कमळ विचारो, हत्ती विचारो वा नोटा. तरुणाला ते पटले की नाही ठाऊक नाही, पण तो बसला. दुपारी त्याने माझ्यासाठी चहा मागवला, तो मी घेतला नाही. प्रतिनिधीचा चहा अधिकाऱ्याने घेऊ नये हा माझा जुना नेम आहे आणि त्या दिवशी तर तो मोडणे शक्यच नव्हते.

दुपारच्या उन्हात रांग विरळ झाली. आमच्याच ओळखीच्या मराठी वस्तीतले एक निवृत्त काका आले. सही करता करता हळूच म्हणाले, “सर, या वेळेला आमच्या घरात तीन मतं तीन तऱ्हेची आहेत. सूनबाई म्हणते मोदींना बघून द्या, मुलगा म्हणतो नोटा, आणि आमची ही म्हणते, जाऊच नका.” मी म्हणालो, “काका, आत जाऊन काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला सांगू नका.” ते हसले आणि आत गेले. काकू काही आल्या नाहीत.

त्या न येण्याविषयी नंतर मी बराच विचार केला. काकूंचे न येणे आणि मुलाची नोटा यांच्यामागची भावना कदाचित एकच असेल. पण एकीची गणना मतांच्या तक्त्यात होते आणि दुसरीची फक्त टक्केवारीतल्या घटीत, जिच्यात आजारी, गावाला गेलेले, आळशी आणि रागावलेले सगळे एकत्र मिसळलेले असतात. इंदूरमध्ये २०१९ मध्ये सुमारे ६९ टक्के मतदान झाले होते, ते या वेळी सुमारे ६२ टक्क्यांवर आले. शिवाय आत येऊन, सही करून, मग मत न देताच परत जाण्याचीही एक नोंद अजून आहे, तीच जुनी ४९-ओ ची. नाराजी एकच असली तरी ज्या नाराजीसाठी नमुना छापलेला आहे तीच ‘जनमत’ म्हणून वर्तमानपत्रात येते. माझ्या मते नोटाचे महत्त्व आणि मर्यादा दोन्ही येथेच आहेत.

सहा वाजता दारात आलेल्यांना शेवटच्या माणसापासून उलट्या क्रमाने चिठ्ठ्या वाटल्या, ती मोजकी मते झाली आणि क्लोजचे बटण दाबले. मग १७-सी भरला. या नमुन्यात केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली एवढेच असते, कोणाला किती हे नसते, त्यामुळे नोटाला आमच्या केंद्रावर किती पडली हे रात्री स्टेडियमवर सामान जमा करताना मला काडीचेही ठाऊक नव्हते. पुढे केंद्रनिहाय निकाल प्रसिद्ध झाल्यावर मी तो पाहिला. येथे देत नाही, कारण त्यावरून केंद्र ओळखता येईल.

४ जूनला एकूण निकाल आला. लालवानी यांना १२,२६,७५१ मते, नोटाला २,१८,६७४ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, बसपाचे संजय सोळंकी यांना, ५१,६५९. लालवानी ११,७५,०९२ मतांनी विजयी झाले. त्या निवडणुकीत देशभरात याहून मोठी आघाडी कोणालाच मिळाली नाही. नोटाचा आधीचा विक्रम २०१९ च्या गोपालगंजचा, ५१,६६० मतांचा, होता. एकाच निकालाने दोन विक्रम झाले आणि दोन्ही बाजूंनी आपापला विक्रम साजरा केला. विजयी पक्ष म्हणाला, जनतेने विश्वास दाखवला. ज्यांनी नोटाचे आवाहन केले होते ते म्हणाले, जनतेने धडा शिकवला. मला या दुसऱ्या दाव्याचे जास्त खटकले. दोन लाखांवर माणसांपैकी कितींना त्या पक्षाची बाजू घ्यायची होती आणि कितींना त्याच्यावरही, आपला उमेदवार सांभाळता आला नाही म्हणून, राग काढायचा होता, हे फुली सांगत नाही. नोटाने कोणालाच प्रतिनिधी केलेले नसताना त्याचा प्रवक्ता व्हायला मात्र पक्ष पुढे आला.

शाळा उघडल्यावर अकरावीच्या वर्गात हा विषय निघणारच होता. एका मुलाने विचारले की नोटाची अनामत वाचली का. मी फळ्यावर हिशोब मांडला. उमेदवाराला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते लागतात. या हिशोबाने लालवानी सोडून बाकी तेराही जणांची अनामत गेली. नोटा ही उमेदवार नाही, तिने पंचवीस हजार भरलेलेच नाहीत, आणि वैध मते मोजताना आयोग नोटाची मते धरतच नाही, म्हणून हा प्रश्न नियमात बसत नाही. तरी मुलांचा आग्रह होता, म्हणून एकूण मतांच्या तुलनेत प्रमाण काढले. ते साधारण चौदा टक्के आले, म्हणजे एकषष्ठांशाच्या खालीच. “मतलब सर, नोटा की भी जमानत जब्त?” मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला. मी म्हटले, पुढच्या तासाला ४९-ओ वाचून या, मग बोलू.